नादार लंकाबाई

१

रविवारी सकाळी निकितानं पुढचं दार उघडलं, तेव्हा कडीत एक कागद घडी घालून खोचलेला होता. प्रचाराचं पत्रक असेल असं समजून ती तो बंबात घालायला निघाली. तेवढ्यात घडीच्या आतून सासूचं नाव दिसलं आणि ती जागीच थांबली.

कोर्टाच्या हुकमाची ती झेरॉक्स होती. मजकूर मधूनच सुरू होत होता. ‘...सदर चौकशीवरून व पुराव्यावरून अर्जदार लंकाबाई गोटीराम ढेपले ही नादार असल्याचे शाबीत होते. सबब तिला नादार ठरवून’ इथे पान संपत होतं. ‘नादार’ या शब्दाखाली लाल पेनानं दोनदा रेघ ओढलेली. अगदी तळाशी, कोऱ्या जागेत, कोणीतरी मुद्दाम वाकडंतिकडं अक्षर काढून लिहिलं होतं: ‘दिवाळखोर बाईला सरपंच होता येत नाही. मंगळवारी छाननी आहे. गावात शोभा नको असेल तर आधीच बसून घ्या.’

सासूबाईंना उभं राहायला भरीस पाडलं होतं ते तिनंच. वाघदरी आणि उंबरपाडा या दोन गावांची मिळून ती एक ग्रामपंचायत. यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं होतं. कुंदनशेठच्या खडी क्रशरची धूळ द्राक्षाच्या बागांवर, शाळेच्या पत्र्यावर, पाण्याच्या टाकीत बसत होती. आता शेठ दुसरी खाण काढणार अशी कुजबुज होती, आणि कुठं काढणार ते कोणालाच धड ठाऊक नव्हतं. ग्रामपंचायतीचं कपाट शेठच्या माणसाच्या हातात. ते कपाट उघडायचं असेल तर सरपंच आपली हवी, म्हणून बायांनी लंकाबाईंना पुढं केलं, आणि शेठनं आपल्या बायकोचा अर्ज भरला. छाटणीचे दिवस, नवरा योगेश टोमॅटोची गाडी घेऊन सुरतेला गेलेला, तरी निकितानं पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधली नोकरी सांभाळून सगळी धावपळ केली होती.

लंकाबाई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा एकदम मिटल्यासारखा झाला. मग त्यांनी कागदाची होती तशी घडी घातली.

“राखीचा पर्यायी अर्ज हाय ना भरलेला?” त्या म्हणाल्या. “तिलाच उभी राहू दे. मी बसते.”

“आई, पण हे खोटंय ना?”

लंकाबाईंनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

२

यशश्री वकील दुपारी नाशिकहून गाडी चालवत आली. पंचवटीत लहानाची मोठी झालेली, चाळिशीची, बोलायला तुटक आणि ऐकायला मात्र फार सावकाश. गेल्या वर्षी कोल्ड स्टोरेजचं एक गिऱ्हाईक, मोठी निर्यात कंपनी, दिवाळखोरीत गेली तेव्हा त्या प्रकरणाचे कागद तपासायला ती पिंपळगावला महिनाभर येत होती. तेव्हाची निकिताची ओळख.

तिनं कागद खिडकीशी धरला, पालथा करून पाहिला, परत सुलटा केला.

“हे पूर्ण पान नाही. वरचा भाग झाकून झेरॉक्स काढली आहे. खालीही तसंच, हा शिक्का बघ, अर्धाच उमटलाय. कोणत्या कोर्टाचं, कोणत्या सालचं, काहीच राहू दिलेलं नाही.”

“पण नाव तर आईंचंच आहे, ताई.”

“नाव आहे. ते आधी मान्य करू.” यशश्री लंकाबाईंकडे वळली. “काकू, तुम्ही कधी कोर्टात गेला होतात?”

लंकाबाई उठल्या. “चहा ठेवते,” म्हणाल्या आणि आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

निकिताला रडू येईल असं वाटलं. तिनं आवाज खाली आणला. “मामंजी गेल्यावर आईंनी कुठून कुठून पैसे उचलून बाग उभी केली असेल. खरंच त्या दिवाळखोर असतील तर?”

“तर त्याचा माग कोर्टात सापडेल,” यशश्री म्हणाली. “आणि हे लक्षात ठेव, एखाद्याला कोर्टानं दिवाळखोर ठरवलं तरी ते जन्मभराचं नसतं. पुढं मुक्ततेचा हुकूम मिळाला की निवडणूकही लढवता येते. तेव्हा नुसत्या एका पानानं घाबरायचं नाही. बरं, हा कागद अजून कोणी पाहिलाय?”

“राखीताईंनी आणि बहिरूमामांनी. मीच दाखवला सकाळी. दुसऱ्या कोणाला नाही.”

“मग त्यांच्यापासूनच सुरू करू.”

३

राखी बचतगटाची अध्यक्ष. लंकाबाईंचा अर्ज उडाला तर आपोआप तीच उमेदवार होणार होती, आणि हे तिलाही कळत होतं. ती दारातच ताडताड बोलायला लागली.

“माझ्यावर संशय घ्यायला आला असाल तर सरळ सांगा. मला सरपंच व्हायचं होतं, हो, होतं! पण लंकामावशीच्या नावापुढं मी गप्प बसले. आता लोक म्हणतील हिनंच काड्या केल्या. अर्ज उडाला तरी मला कोण मत देईल?”

“संशय नाही,” यशश्री म्हणाली. “हा कागद वाचून तुम्हाला काय वाटलं, एवढंच सांगा.”

राखी थोडी निवळली. “खरं सांगू? मला पहिल्यांदा हसूच आलं. खालचं दिवाळखोर-बिवाळखोर नंतर वाचलं. शाळेत मला पण नादारी होती की. फी माफ असायची गरिबाच्या पोरींना. गुरुजी वर्गात ओरडायचे, नादारीवाल्यांनी उभं राहा. लय लाज वाटायची.”

यशश्रीनं तिच्याकडं टक लावून पाहिलं आणि मान हलवली.

क्रशरच्या ऑफिसात कुंदनशेठ बनियनवर बसले होते. पंख्याखाली खडीची बारीक भुकटी टेबलभर पसरलेली. त्यांनी लपवाछपवी केलीच नाही. ड्रॉवर उघडून तसाच एक कागद काढून समोर टाकला. त्यावर मात्र खालची धमकी नव्हती.

“शनिवारी संध्याकाळी दाराखालून आला. कोणी टाकला मला म्हाईत नाय, आन मला घेणं पण नाय. मंगळवारी हरकत मी घेणार. वकील देणार. दिवाळखोर बाई गाव चालवणार व्हय?”

“आणि नवी खाण?” निकितानं न राहवून विचारलं.

“ती कायदेशीर हाय, ताई. जमीनमालकाची संमती हाय. दोघांच्या पण सह्या...” शेठ मध्येच थांबले, नि त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

“कोण दोघं?” यशश्रीनं विचारलं.

“निवडून या, मग फाईल बघा,” शेठ म्हणाले. पण त्यांचं हसू ओठांपुरतंच होतं.

बहिरूमामा संध्याकाळी घरी आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच. गडावर जाऊन आक्काच्या नावानं देवीला नारळ फोडून आले होते. लंकाबाईंचा हा धाकटा भाऊ उंबरपाड्याला राहायचा. निवडणूक लागल्यापासून रोज येत होता, पोस्टरं लावत होता. पोरंटोरं त्यांना मामाच म्हणायची.

“वकीलबाई, माझ्या आक्कानं आयुष्यात कोणाचं एक पान उधार आणलं नाय,” मामा कळवळून म्हणाले. “पण बाईमाणूस हाय, ते कोर्ट, ती हरकत, सगळ्या तालुक्यापुढं इज्जतीचा पंचनामा. कशाला? राखी हाय ना. तिच्या मागं उभं राहू.”

“उद्या आम्ही नाशिकला जिल्हा कोर्टात शोध घेतोय,” यशश्री म्हणाली.

“जा की. नाशिकला सगळं कॉम्पुटरवर असतंय, तिथं काय असंल तर सापडंल. तालुक्याच्या कोर्टात हेलपाटा मारू नका मात्र. तिथली जुनी दप्तरं कवाच कसरीनं खाल्ली.”

“बरं झालं सांगितलंत,” यशश्री म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला.

आतल्या खोलीच्या दारात लंकाबाई उभ्या होत्या. त्या भावाकडं पाहत होत्या, ते निकिताच्या लक्षात आलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

४

सोमवारी नाशिकच्या जिल्हा कोर्टात त्या दोघी कोर्ट उघडायच्या आधीच पोचल्या. यशश्रीनं शोधाचा अर्ज दिला. दिवाळखोरीच्या प्रकरणांची नोंद वेगळी ठेवलेली असते, सालवार, नावासकट. निकिता बाकावर बसून कपाळाचा घाम पुसत होती. लिपिकाचं बोट पानावरून खाली सरकलं, की ती मान उंच करून बघायची. एका सालात ‘लंका’ दिसलं आणि तिनं डोळेच मिटले. ते सिन्नरचं कोणी लंकेश होतं.

दुपार झाली. ढेपले आडनावाचं एकही प्रकरण नव्हतं.

“म्हणजे सुटलो?” निकितानं विचारलं.

“नाही. आपण चुकीच्या दारात उभ्या होतो, एवढंच कळलं.” यशश्री तिला आवारातल्या झाडाखाली घेऊन गेली. “हे बघ. दिवाळखोरीचा हुकूम असा एकटादुकटा नसतो. कोणाचं किती देणं आहे त्याची यादी असते. मालमत्ता कोणाच्या ताब्यात दिली ते लिहिलेलं असतं. जाहीर नोटीस निघते. मुक्ततेचा अर्ज कधीपर्यंत करायचा त्याची मुदत हुकमातच असते. आपल्या कागदात यातलं काही आहे का? एकाही घेणेकऱ्याचं नाव नाही. हा हुकूम दिवाळखोरीचा वाटतच नाही मला.”

“पण ‘नादार’ लिहिलंय की स्वच्छ.”

“तीच तर गंमत केलीय कोणीतरी. काल राखीताई काय म्हणाल्या? शाळेत नादारी म्हणजे फी माफ. कोर्टातही फी असते, निकिता. दावा लावायचा तर रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. ज्याच्याकडे ती भरायलाही पैसे नाहीत, तो आधी अर्ज करतो, की मी गरीब आहे, मला फी न भरता दावा लावू द्या. जुनी माणसं त्याला नादारीचा दावा म्हणतात. आणि दिवाळखोरालाही मराठी कागदात नादारच लिहितात. शब्द एक, अर्थ दोन. एकात माणूस दुसऱ्यांचं देणं बुडवतो, दुसऱ्यात तो बिचारा न्याय मागायला आलेला असतो.”

निकिता तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. “म्हणजे आईंनी कोणावर तरी दावा लावला होता?”

“माझा अंदाज. अंदाज उद्या छाननीत चालत नाही. आणि हे दावे जिल्ह्याच्या नाही, तालुक्याच्या कोर्टात लागतात.” यशश्रीनं मोबाइल काढला. कोर्टांच्या वेबसाइटवर तिनं आता तालुक्याचं कोर्ट निवडलं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदा लिहिलं, काही नाही. एक अक्षर बदललं, काही नाही. ‘ढेपले’तला एक स्वर गाळून पुन्हा शोधलं.

पडद्यावर एकच ओळ आली. अर्जदार, लंकाबाई गोटीराम ढेपले. विरुद्ध...

निकितानं पुढचं नाव वाचलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

विरुद्ध, बहिरू सहादू पेखळे.

५

तालुक्याच्या कोर्टातली दप्तरं कसरीनं खाल्लेली नव्हती. नंबर हातात असल्यावर फाईल सापडायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो नकलेला. तातडीची फी भरली, अर्ज दिला आणि कचेरी बंद व्हायच्या आधी नक्कल हातात पडते की नाही, या चिंतेत दोघी खिडकीसमोर ताटकळत बसल्या. लिपिक जागेवरून उठला की निकिता उठायची. तो बसला की ती बसायची. शेवटी शिक्का बसला तेव्हा शिपाई दारं ओढत होता.

गाडीत बसून त्यांनी वाचलं. योगेश तेव्हा दहावीत असेल. गोटीराम गेले, घरात दाणा नाही, आणि वडिलांच्या उंबरपाड्याच्या जमिनीतला हिस्सा लंकाबाईंनी भावाकडं मागितला. भाऊ नाही म्हणाला. म्हणून दावा. फी भरायला पैसे नाहीत म्हणून नादारीचा अर्ज. तहसीलदाराकडून चौकशी आली की बाईकडं खरंच काही नाही. आणि मग ते वाक्य, या वेळी पूर्ण: ‘सबब तिला नादार ठरवून कोर्ट फी न भरता दावा दाखल करण्याची परवानगी देण्यात येत आहे.’

शेवटच्या पानावर हातानं लिहिलेली दोन ओळींची पुरशिस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, होती. दावा चालवायचा नाही. खाली लंकाबाईंची सही, एकेक अक्षर सुटं सुटं.

“मामांनी केलं हे?” निकितानं नकलेवरून नजर वर केली. “काल नारळ फोडून आले ते. पेढे आणले त्यांनी.”

“काल त्यांनी अजून एक केलं. तालुक्याचं कोर्ट, जुनी दप्तरं. आपल्या कागदावर साल नाही, कोर्टाचं नाव नाही. आपण दोघीही नाशिकच धरून चाललो होतो. त्यांना कसं कळलं की कागद जुना आहे आणि तालुक्याचा आहे?”

“पण का? एवढी वर्षं झाली त्याला. दावा पण आईंनी सोडून दिला.”

“ते मलाही कळत नाहीये,” यशश्री म्हणाली. ती थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिली आणि मग एकदम सरळ बसली. “कुंदनशेठ काय म्हणाले? दोघांच्या सह्या. निकिता, उंबरपाड्याच्या त्या जमिनीचा गट नंबर दाव्यात दिलाय. वाच बरं मोठ्यानं.”

निकितानं वाचला. यशश्रीनं मोबाइलवर सातबारा उघडला. जमिनीचं वर्णन डोंगर, पोटखराबा, म्हणजे पिकाला न येणारी. भोगवटादाराच्या रकान्यात नावं दोन होती. बहिरू सहादू पेखळे. आणि त्याखाली, अजूनही, लंकाबाई.

६

मंगळवारी तहसील कचेरीच्या आवारात जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. जीपमधून उतरताना लंकाबाई पुन्हा तेच म्हणाल्या, “मी बसते, निकिता. ऐक माझं.” त्या रात्री जेवल्याही नव्हत्या. निकितानं त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. यशश्रीनं तसं बजावलंच होतं. मामा आधीच आले होते, गळ्यात पॅनेलचा पट्टा घालून. यशश्रीनं तिघांना रेकॉर्ड रूमच्या मागं, कोणी नसलेल्या कोपऱ्यात नेलं. मामा म्हणाले, “इथं कशाला? नाव पुकारतील.”

“पुकारू द्या. मामा, उंबरपाड्याच्या डोंगरावर नवी खाण निघणार आहे ना?”

मामांचा चेहरा खर्रकन उतरला.

“जमीन दोघांच्या नावावर आहे,” यशश्री शांतपणे बोलत होती. “काकूंनी दावा सोडला, पण हक्क सोडल्याचं कधी लिहून दिलं नाही. तेव्हा खाणीला संमती द्यायची तर दोघांच्या सह्या लागतात. शेठ म्हणतात, त्यांच्याकडे दोन्ही आहेत. काकू, तुम्ही केली होती सही?”

लंकाबाईंनी मान हलवली. नाही.

“मग फाईलमध्ये तुमच्या नावाची सही कोणीतरी दुसऱ्यानं केली आहे. ती फाईल ग्रामपंचायतीच्या कपाटात. तुम्ही सरपंच झालात की पहिल्या दिवशी तुम्ही ते कपाट उघडणार, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तुमच्या विरोधात उभं राहायची मामांची हिंमत नव्हती. तुम्ही आपणहून बसावं एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून हे पान. सोयीचं तेवढं ठेवलं, बाकी झाकलं. तुम्ही ऐकलं नाही तर शेठनं हरकत घ्यावी, म्हणून एक त्यांच्याही दाराखाली.”

“आक्का, ही बाई काय बोलू राहिली...” मामा म्हणाले. पण त्यांनी बहिणीकडं पाहिलं आणि वाक्य तिथंच राहिलं.

“बहिरू,” लंकाबाई म्हणाल्या. “त्या कागदाच्या दोनच नकला. एक माझ्या पेटीत हाय. रविवारी सकाळीच बघितली मी, जागच्या जागी हाय. दुसरी कोर्टानं तुला धाडली होती.”

निकिता त्यांच्याकडं वळली. “आई, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“हाताला लागला तवाच कळलं, पोरी. म्हणून तर बसते म्हणले. एकदा याच्यावर दावा केला तर आमच्या आईनं वर्षभर तोंड नाय बघितलं माझं. भावाला कोर्टात वढणारी म्हणून उंबरपाड्यात कोणी दारात उभं केलं नाय. शेवटी आईसाठी सोडून दिलं सगळं. आता पुन्हा सगळ्या तालुक्यासमोर तेच? मला वाटलं, जाऊ दे, याला वाटती माझी भीती, तर बसते. पण खाणीचं नव्हतं मला म्हाईत.” त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “त्या डोंगराखाली दोन्ही गावांचा झरा हाय, बहिरू. तू तिथं सुरुंग लावणार व्हता? आन माझ्या सहीनं?”

मामा मटकन खाली बसले. गळ्यातला पट्टा त्यांच्या हातात गोळा झाला. “पोरीच्या लग्नात शेठचे पैसे घेतले, आक्का. त्यानं डोंगर मागितला. तू नाय म्हणली असती. म्हणून सही मीच केली. तवापासून रात्री डोळ्याला डोळा नाय. तू उभी राहिली आन मला वाटलं, आता मेलो.”

आतून पुकारा झाला. ढेपले, लंकाबाई गोटीराम.

लंकाबाईंनी पदर नीट केला. निकिताला वाटलं, या आता काय म्हणतील? भावाला पाहून अजूनही माघार घेतील? लंकाबाई दोन पावलं चालल्या, थांबल्या आणि वळून म्हणाल्या, “ऊठ. आत चल. तुझ्यासमोरच होऊ दे.”

७

कुंदनशेठच्या वकिलानं तावातावानं कागद पुढं केला. निवडणूक निर्णय अधिकारी तरुण होते, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. त्यांनी झेरॉक्स वाचली, मग यशश्रीनं दिलेली पूर्ण नक्कल वाचली, मग पुन्हा झेरॉक्स. कपाळाला आठ्या पडल्या. “नादार म्हणजे...” असं म्हणून त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं, काही सापडलं नसावं, आणि फोन घेऊन ते आत निघून गेले.

ती वेळ कधी संपते असं निकिताला झालं. शेठ खुर्चीत मागं रेलून बसले होते. राखी भिंतीशी उभी राहून साडीचा काठ चुरगाळत होती. मामा सगळ्यात मागं, मान खाली घालून. लंकाबाई मात्र मांडीवर हात ठेवून सरळ बसल्या होत्या, जशा त्या कोणा जजसमोर पूर्वी कधीतरी बसल्या असतील.

अधिकारी परत आले. “हा हुकूम दिवाळखोरीचा नाही,” ते म्हणाले. “बाईंनी कोर्ट फी माफ मागितली होती, ती मिळाली. गरीब असणं ही अपात्रता नाही. अपूर्ण कागदावर हरकत घेतली आहे, ती फेटाळतोय. अर्ज वैध.”

राखीनं एकदम टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी पाहिलं म्हणून ओशाळली. शेठ वकिलाकडं न बघताच बाहेर पडले. दाराशी मामा दिसले तेव्हा क्षणभर थबकले. मामा म्हणाले, “शेठ, संमती मी मागं घेऊ राहिलो. दुसरी सही आक्काची नव्हती. लिहून देतो कुठं पाहिजे तिथं.” आवाज बारीक होता, पण व्हरांड्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकला. शेठनं नुसतं तोंड फिरवलं.

“लिहून द्यायला आजच माझ्याबरोबर चला,” यशश्री मामांना म्हणाली. “उद्या तुमचं मन बदलेल. आणि हे सहीचं प्रकरण साधं नाही. पुढं काय करायचं ते काकू ठरवतील.”

निवडणूक अजून व्हायची होती. शेठ गप्प बसणार नाहीत हे निकिताला कळत होतं. ती जीपमध्ये सासूशेजारी बसली. लंकाबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

“जजसाहेबांनी विचारलं व्हतं मला,” त्या हळूच म्हणाल्या. “बाई, तुमच्या नावावर काहीच नाय का? मी म्हणले, काहीच नाय. खरंच तसं वाटत व्हतं मला. अर्धा डोंगर व्हता की गं.”

मामा जीपच्या खिडकीशी आले. दिवाळी पंधरवड्यावर आली होती.

“आक्का,” ते म्हणाले, “भाऊबीजेला येऊ ना?”

ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती. निकितानं सासूकडं पाहिलं. लंकाबाई भावाकडं एकटक पाहत होत्या.

“ये की,” त्या म्हणाल्या. “ताटात टाकायला सातबारा घेऊन ये.”